लादी पुसणारे हात आणि परिचारिकेची पदविका

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील वाचकांना मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावे तोंडपाठ असतात. ते साहजिकच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. इतके जवळचे हे नाते आहे. परंतु या लढ्यात मोर्चे काढणाऱ्यांबरोबर आणखी एक फळी होती. हातात झाडू आणि बादली घेऊन इस्पितळात शिरलेली आणि त्याच इस्पितळातून पदविका घेऊन बाहेर पडलेली ही फळी होय. मेरी एलायझा महोनी हे त्या फळीतील पहिले नाव. अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे.

दरवर्षी १२ मे रोजी आपल्या रुग्णालयांत परिचारिका दिन साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या लावल्या जातात. नाइटिंगेल यांचे कार्य मोठेच आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण त्याच्या पाचच दिवस आधी, ७ मे रोजी, महोनी यांची जयंती असते आणि तिची आठवण कोणालाही होत नाही. ज्या रुग्णालयांत आपल्या समाजातील हजारो माणसे मावशी, आयाबाई, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार म्हणून राबतात, तिथे तरी ही आठवण व्हायला हवी, असे आम्हांस वाटते. कारण महोनी यांचे आयुष्य हे थेट या माणसांशी बोलणारे आयुष्य आहे.

मेरीचा जन्म ७ मे १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या परिसरात झाला. तिचे आईवडील नॉर्थ कॅरोलायना राज्यातून आलेले, गुलामीतून मुक्त झालेले लोक होते. दक्षिणेत अजून गुलामांचे बाजार भरत होते. उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी अठराव्या शतकातच संपली होती. म्हणजे मेरी जन्माने स्वतंत्र होती. पण कायद्याने गुलाम नसणे आणि समाजात माणूस म्हणून जगणे यांत किती अंतर असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. राहायची वस्ती वेगळी, कामे ठरलेली, आणि मुलांची शाळासुद्धा वेगळी!

त्या शाळेचीही एक हकीकत आहे. बोस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स नावाची पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी होती. घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा ओलांडून तिला दूरच्या काळ्यांच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांनी, बेंजामिन रॉबर्ट्स यांनी, नगरपालिकेला न्यायालयात खेचले. रॉबर्ट मॉरिस हे कृष्णवर्णीय वकील आणि चार्ल्स सम्नर हे गोरे वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८५० साली निकाल विरोधात गेला. पण माणसे थांबली नाहीत. न्यायालयात हरलेला प्रश्न त्यांनी विधिमंडळात नेला आणि १८५५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये शाळांतील वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा झाला. त्या वेळी मेरी दहा वर्षांची होती. बोस्टनमधील फिलिप्स स्कूल ही मिश्र झालेल्या पहिल्या शाळांपैकी एक. मेरीला याच शाळेचा दरवाजा उघडा मिळाला. मेरीची हुशारी तिची स्वतःची होती, पण ती हुशारी जिथे वाढली तो बाक एका हरलेल्या खटल्याने आणि त्यानंतरच्या लढ्याने मिळवून दिला होता. आज आपली मुले ज्या सवलतींवर शिकतात त्यांच्यामागेही असाच कोणाचा तरी लढा उभा आहे, हे विसरून चालत नाही.

अठरा वर्षांची असतानाच मेरीने परिचारिका व्हायचे ठरवले होते. पण त्या काळात अमेरिकेत परिचारिका घडवणारी शाळाच नव्हती. रुग्णाची सेवा म्हणजे घरातील बाईचे किंवा मोलकरणीचे काम, अशीच समजूत होती. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात हजारो सैनिक मेले, त्यांतले गोळीने कमी आणि रोगाने जास्त. तेव्हा कुठे शुश्रूषा हे शिकून करायचे काम आहे, ही जाणीव त्या देशाला होऊ लागली. त्याच सुमारास, १८६२ साली, डॉ. मारी झाक्झेव्हस्का या महिला डॉक्टरांनी बोस्टनमध्ये स्त्रिया व मुलांसाठी न्यू इंग्लंड हॉस्पिटल सुरू केले. डॉक्टरही स्त्रिया आणि रुग्णही स्त्रिया, हे या रुग्णालयाचे वैशिष्ट्य होते.

या रुग्णालयात मेरी महोनी कामाला लागल्या. पण परिचारिका म्हणून नव्हे! त्यांनी स्वयंपाक केला, कपडे धुतले, लाद्या पुसल्या, आणि अधूनमधून परिचारिकांच्या हाताखाली मदतनीस म्हणूनही काम केले. असे एकदोन वर्षे नव्हे, सुमारे पंधरा वर्षे चालले. १८७२ साली याच रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली आणि १८७३ साली लिंडा रिचर्ड्स ही गोरी तरुणी तिथून अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित परिचारिका म्हणून बाहेर पडली. महोनी यांनी हे सारे त्याच इमारतीत राहून पाहिले. आपण धुतलेल्या चादरींवर झोपलेल्या रुग्णांची नाडी दुसऱ्या मुली शिकून मोजत आहेत, हे पाहत त्यांनी आणखी पाच वर्षे काढली. आमच्या मते हीच त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी होती. अशा जागी माणूस एक तर कडवट होतो किंवा आपली पायरी हीच, असे मनाशी मान्य करून टाकतो. महोनी यांनी यांपैकी काहीच केले नाही. त्या रुग्णालय शिकत राहिल्या. वॉर्ड कसा चालतो, डॉक्टर काय विचारतात, कोणता रुग्ण कशाने बरा होतो, हे त्या खालून पाहत होत्या.

२३ मार्च १८७८ रोजी त्यांना त्या शाळेत प्रवेश मिळाला. वय होते जवळजवळ तेहतीस. उमेदवार एकवीस ते एकतीस वर्षांचा, निरोगी आणि चांगल्या चारित्र्याचा असावा, अशी शाळेची अट होती. महोनी वयाच्या अटीत बसत नव्हत्या. पंधरा वर्षांचे त्यांचे काम व्यवस्थापनाने पाहिले होते म्हणूनच ही अट शिथिल केली गेली असावी, असे चरित्रकार मानतात. प्रत्येक तुकडीत एक कृष्णवर्णीय आणि एक ज्यू विद्यार्थिनी घेता येईल, अशी या शाळेची तरतूद होती, असेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे दरवाजा पूर्ण उघडा नव्हताच, एक फट होती. जागा एकच आणि ती कधी मिळेल याची खात्री नाही. आज राखीव जागेवरून टोमणे मारणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. जागा राखीव होती, अभ्यासक्रम मात्र सर्वांना एकच होता आणि परीक्षाही एकच होती.

तो अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा होता. पहाटे साडेपाचला सुरू होणारा दिवस रात्री साडेनऊला संपे. औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि प्रसूती या तिन्ही विभागांत आळीपाळीने काम करायचे, त्यातून वेळ काढून डॉक्टरांची व्याख्याने ऐकायची, आणि शेवटचे काही महिने रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायची. महोनी यांची उंची पाच फुटांहून कमी आणि वजन नव्वद पौंडांच्या आसपास होते. त्या तुकडीत चाळीसएक जणी आल्या होत्या. १ ऑगस्ट १८७९ रोजी पदविका हाती पडली तेव्हा अवघ्या चार जणी उरल्या होत्या. मेरी महोनी त्या चौघींत होत्या. गुणवत्ता कोणाच्या बापाची मक्तेदारी नाही, हे सिद्ध करायला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

पदविका मिळाली, पुढे काय? त्या काळी रुग्णालयांतील काम बहुतेक शिकाऊ मुलींकडूनच करून घेत. शिकून बाहेर पडलेल्या परिचारिका खाजगी घरांत रुग्णसेवा करीत. महोनी यांनी बोस्टनच्या वैद्यकीय ग्रंथालयातील परिचारिकांच्या नोंदवहीत आपले नाव नोंदवले. नावाची नोंद म्हणजे बाजारातली पत. मग त्यांनी चाळीस वर्षांच्या आसपास हे काम केले. बहुतेक घरे श्रीमंत गोऱ्यांची होती. शांतपणा, नेटकेपणा आणि कामातली अचूकता यांमुळे त्यांचे नाव राज्याबाहेरही पोचले आणि दूरदूरच्या शहरांतून त्यांना बोलावणी येऊ लागली.

या घरांतील एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कृष्णवर्णीय बाई म्हणजे मोलकरीण, असा गोऱ्या मालकांचा हिशेब ठरलेला होता. परिचारिका म्हणून बोलावलेल्या बाईला ते घरकामही सांगत आणि नोकरांच्या पंगतीला जेवायला बसवत. महोनी यांनी या पंगतीला नकार दिला. त्या स्वयंपाकघरात एकट्या बसून जेवत. यावर कोणी म्हणेल की स्वतः लाद्या पुसलेल्या बाईला नोकरांचा विटाळ झाला काय? तसे मुळीच नाही. ज्या बाईने पंधरा वर्षे ते काम केले तिला त्या कामाची लाज नव्हती. मुद्दा असा होता की कातडीचा रंग पाहून शिक्षण पुसून टाकण्याचा अधिकार त्यांनी मालकाला दिला नाही. आपल्याकडेही पदवी घेतलेल्या परिचारिकेला आडनाव विचारून कोणते काम सांगायचे हे ठरवणारे महाभाग आहेत. भांडण न करता आणि आवाज न चढवता आपली जागा कशी राखावी, हे महोनी यांच्या त्या एकट्याच्या ताटावरून शिकता येते.

परंतु एकटीने मान राखणे पुरेसे नसते, हेही त्यांना उमगले होते. १८९६ साली अमेरिकेत परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तीच १९११ पासून अमेरिकन नर्सेस असोसिएशन म्हणून ओळखली जाऊ लागली. महोनी तिच्या सुरुवातीच्या मोजक्या कृष्णवर्णीय सदस्यांपैकी होत्या. पण कृष्णवर्णीय परिचारिकांसाठी या संघटनेत मनापासून जागा नव्हती. पुढे १९१६ नंतर तर राज्य शाखेमार्फतच सदस्यत्व मिळेल असा नियम झाला, आणि दक्षिणेकडील राज्य शाखा कृष्णवर्णीयांना घेतच नसत. नियमात वर्णाचा शब्दही नव्हता, तरी परिणाम वर्णभेदाचाच! अशा नियमांची कला मनुवाद्यांनाही चांगलीच अवगत आहे.

म्हणून १९०८ साली मार्था फ्रँकलिन या कृष्णवर्णीय परिचारिकेने देशभरातील आपल्या भगिनींना पत्रे लिहिली. एडा थॉम्स यांनी न्यूयॉर्कमध्ये यजमानपद स्वीकारले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ५२ परिचारिका एकत्र आल्या. कृष्णवर्णीय पदवीधर परिचारिकांची राष्ट्रीय संघटना तेव्हा जन्माला आली. महोनी यांनी तिला पहिल्यापासून पाठबळ दिले. १९०९ साली बोस्टनला पहिले वार्षिक अधिवेशन भरले तेव्हा चौसष्ट वर्षांच्या महोनी यांनी स्वागताचे भाषण केले आणि परिचारिका शिक्षणातील विषमतेवर बोट ठेवले. संघटनेने त्यांना आजीव सदस्यत्व दिले आणि धर्मोपदेशिकेचे पद दिले. नव्या पदाधिकाऱ्यांना त्यांच्या कर्तव्याची दीक्षा देणे हे त्या पदाचे काम होते.

१९११ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, महोनी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथे कृष्णवर्णीय मुलांच्या हॉवर्ड अनाथालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९१२ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. कपडे धुण्यापासून सुरू झालेली वाट संस्थेच्या प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोचली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१३ साली, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले. दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. पण ज्या अमेरिकेत बाबासाहेबांनी पाऊल ठेवले, तिथे अशी माणसे आपले काम करीत होती.

१९२० साली घटनादुरुस्ती होऊन अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार मिळाला. बोस्टनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या महोनी होत्या. १९२३ साली त्यांना स्तनाच्या कर्करोगाने गाठले आणि ४ जानेवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. आदल्याच दिवशी, ३ जानेवारीला, आपण माता सावित्रीमाईंची जयंती साजरी करतो. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता प्राण ठेवला. या दोन तारखा लागून याव्यात हा योगायोग आहे, पण तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

महोनी गेल्या, त्यांची संघटना मात्र गेली नाही. १९३६ साली तिने मेरी महोनी पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार एडा थॉम्स यांना दिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने कृष्णवर्णीय परिचारिकांसाठी फक्त ५६ जागा ठेवल्या होत्या. मेबल स्टॉपर्स या संघटनेच्या नेत्याने सरकारचा पिच्छा पुरवला आणि १९४५ साली ती मर्यादा उठली. १९४८ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने राज्य शाखेने नाकारलेल्या कृष्णवर्णीय परिचारिकांना थेट सदस्यत्व खुले केले. आपले काम झाले असे ठरवून १९५१ साली ती स्वतंत्र संघटना विसर्जित झाली. १९७३ साली महोनी यांच्या समाधीवर स्मारकशिळा उभी राहिली आणि १९७६ साली त्याच असोसिएशनने आपल्या मानवंतांच्या यादीत त्यांचे नाव कोरले.

आता आपल्याकडे वळू. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात सकाळी जाऊन पाहा. लादी पुसणारी, बेडपॅन उचलणारी, शवागारात काम करणारी माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात? लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कंत्राटीकरणाच्या काळात ही तरतूद म्हणजे मोठा आधार आहे, ती टिकलीच पाहिजे, तिच्यासाठी लढलेच पाहिजे. पण आईच्या हातातला झाडू लेकीच्या हातात जाणे ही आपल्या स्वप्नाची शेवटची पायरी असू शकत नाही. ती नोकरी हा पाया समजावा आणि त्यावर शिक्षणाचे मजले चढवावेत. महोनी यांनी तेच केले.

हे कसे करायचे? परिचर्या शिक्षणाची शिडी आज आपल्या देशात उपलब्ध आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. बारावी झालेल्या मुलीला दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम करता येतो आणि त्यासाठी विज्ञान शाखेची सक्ती नाही. त्यापुढे तीन वर्षांचा जीएनएम आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार जीएनएमला वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षे असली तरी नोंदणीकृत एएनएमला ती लागू नाही. म्हणजे खेड्यात पंधरा वर्षे लसीकरण आणि बाळंतपणे केलेली आमची एएनएम भगिनी चाळिशीतही पुढे शिकू शकते! जीएनएम झालेल्या परिचारिकेला दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी अभ्यासक्रम करता येतो, त्यानंतर एमएस्सी, त्यानंतर अध्यापन किंवा प्रशासन. भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्या मुलांना थेट चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला जाता येते. तिथे खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुणांची अट आहे. मुलग्यांनीही हे बायकांचे काम म्हणून नाक मुरडू नये.

यात खाचखळगे आहेतच. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही हे तपासावे. गल्लीबोळात उघडलेल्या, सहा महिन्यांत नर्स करू म्हणणाऱ्या दुकानांतील प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, पैसा आणि वर्ष दोन्ही जातात. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र ऐन प्रवेशाच्या वेळी शोधत बसू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांचे अर्ज मुदतीत भरावेत. २०२३ साली संसदेने परिचर्या क्षेत्रासाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला आहे, त्यामुळे नियम बदलत राहणार. ते दरवर्षी नव्याने पाहून घ्यावेत.

आणि हे सारे एकट्या मुलीवर सोपवू नये. विहारांतून, महिला मंडळांतून, रुग्णालयांतील मागासवर्गीय कर्मचारी संघटनांतून ही माहिती वस्तीपर्यंत पोचली पाहिजे. वॉर्डातील मावशीला तुझी मुलगी कितवीत आहे, असे तिथल्याच आपल्या स्टाफ नर्सने विचारले पाहिजे. संघटनेने वर्षाला एका मावशीच्या लेकीचे परीक्षा शुल्क आणि पुस्तके उचलली तरी दहा वर्षांत दहा घरे बदलतील. वर चढलेल्याने खाली हात दिला नाही तर चढण्याला अर्थ नाही. महोनी यांना चाळीस वर्षे खाजगी काम करून स्वस्थ बसता आले असते, तरी चौसष्टाव्या वर्षी त्या अधिवेशनात उभ्या राहिल्या, त्या पुढच्या मुलींसाठीच.

येत्या ७ मे रोजी आपापल्या रुग्णालयात मेरी महोनी यांची जयंती करावी, असे आमचे वाचकांना आवाहन आहे. हारतुऱ्यांचा खर्च नको. सफाई आणि वॉर्डातील कामगारांच्या बारावी झालेल्या मुलामुलींची यादी करावी, त्यांना बोलावून अभ्यासक्रमांची माहिती द्यावी आणि त्यांतील प्रत्येकाचा प्रवेश अर्ज भरून होईपर्यंत त्यांची पाठ सोडू नये. जयभीम!